पंज्याची बोटं

पुण्याहून तन्मयचा फोन:
"पूर्वेचं राज्य हवंय. सात प्रांत, एक राणी.
चीन जरा ठळक, वरून जपान,
कोरिया चवीपुरता."
मी हो म्हणतो. कॉम्प्युटरचा हप्ता आहे.

दिवसा मी अक्कलकोट रोडच्या कारखान्यात
टॉवेलांवर मोर बसवतो,
पडद्यावरचा एक चौकोन म्हणजे एक धागा.
रात्री विडी घरकुलात, तशाच चौकोनांत,
राणीचा झगा.

त्यानं फोल्डर पाठवलंय. नाव: आशिया.
आत पॅगोडे, चेरीचा बहर, तलवारी,
आणि घोड्याच्या केसांची एक काळी टोपी,
इतकी विरळ की आतली शेंडीची गाठ दिसावी.
ती त्याला पहारेकऱ्याला घालायचीय.
मी वाचलं होतं, ती शिकल्यासवरल्यांची टोपी.
बोललो तसं.
"खेळणारा टोपी वाचत नाही रे," म्हणाला.

मग ड्रॅगन.
पंज्याला बोटं किती काढू?
चीनच्या बादशहाची पाच,
कोरियाची बहुधा चार, जपानची तीन.
एका जास्तीच्या बोटापायी
माणसाचं डोकं जायचं म्हणे एकेकाळी.
"भारी दिसू दे. बास."

मला हसायचा हक्क नाही तसा.
आमच्या चौकात इरण्णाची चायनीज गाडी,
तिच्यावर रियाज पेंटरचा ड्रॅगन:
निम्मा नाग, निम्मी पाल,
मिशा खुद्द इरण्णाच्या.
मंचुरियनवर शेंगाचटणी भुरभुरून
आम्ही बोटं चाटतो,
आणि चीनला यातलं काहीच माहीत नाही.
पण इरण्णा त्याला राज्य म्हणत नाही.
प्लेट म्हणतो. हाफ की फुल?

घरात तेलुगू, बाजारात कानडी,
शाळेत मराठी, मागावर दखनी.
मला सरमिसळ कोण शिकवणार?
पण ही जमायला तीन पिढ्यांची भांडणं लागली,
नळावरची, लग्नातली,
कुठल्या शब्दाला कोण चिडतं
ते गालावर वळ उठून कळलेलं.
त्या फोल्डरमध्ये
कुणी कुणाशी अजून भांडलेलंच नाही.

आणि एक, जे फोनवर सांगता आलं नाही.
गेल्या साली लातूरच्या स्टँडबाहेर
ढिगातून एक चादर उचलली.
हलकी. उलट्या बाजूला धागे लोंबत होते.
"अस्सल सोलापुरी, साहेब,
धुवून धुवून तुम्ही थकाल."
लेबल बघितलं.
आमची त्यात चार अक्षरं होती फक्त.
घडी घालून परत ठेवली,
नीट, कोपऱ्याला कोपरा लावून,
जशी कारखान्यात घालतो.

अम्मा मांडीवरचं सूप बाजूला सारून
पडद्याकडं बघते.
"ई अम्माई एवरु?" कोण ही पोरगी?
कुणीच नाही, म्हटलं. खेळातली.
"मग झगा उलटा का घातलाय तिनं?"

बघितलं तर उजवी बाजू वर.
जपानात तसा मेलेल्याला नेसवतात.
अम्माला हे कुठून ठाऊक असणार.
चाळीस वर्षं दारात बसून
येणाऱ्याजाणाऱ्या बायकांचे पदर बघितलेत तिनं,
कुठल्या खांद्यावर, कुठल्या गावाचा.
तिला काहीतरी चुकलेलं दिसलं, एवढंच.

रात्री दीड वाजता राणीला जिवंत केलं.
डावी बाजू उजवीवर.
तन्मयच्या लक्षात आलं नाही.
"मस्त" आलं, पाठोपाठ एक अंगठा,
आणि पैसे पुढच्या महिन्यात.

ड्रॅगन मात्र मी येमूल मास्तरांच्या हातापाया पडून
टॉवेलाच्या एका नमुन्यावर चढवला.
तीन बोटं सुबक उतरली, चौथं वाकडं,
पाचव्याला धागे पुरले नाहीत.
मास्तर म्हणाले, "हे कुठल्या देशाचं मांजर?"

आता अम्मा त्यालाच हात पुसते.
तंबाखूचा वास बसलाय त्याच्या शेपटीत.
परवा पंज्यावरून अंगठा फिरवत थांबली,
मोजलं, परत मोजलं,
आणि मला विचारलं,
"पाचवं कापलंय, का उगवायचंय अजून?"